ग्रीनहॅम कॉमन : चराईच्या माळावरील एका लष्करी विमानतळाचा इतिहास

दक्षिण इंग्लंडमधील बर्कशर परगण्यात, न्यूबरी शहराच्या आग्नेयेस, केनेट आणि एन्बोर्न या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये एक लांबट, सपाट पठार आहे. त्याच्या पश्चिमेकडील भागास ग्रीनहॅम कॉमन आणि पूर्वेकडील भागास क्रुकहॅम कॉमन म्हणतात. जमीन मुरमाड आणि हलकी असल्याने पिकांच्या कामाची ती कधीच नव्हती. तिच्यावर झुडुपे, खुरटे गवत आणि हेदर नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती वाढे, आणि म्हणूनच ती नांगराखाली न जाता शतकानुशतके ‘कॉमन’ म्हणून मोकळी राहिली. इंग्लंडच्या कायद्यात कॉमन म्हणजे अशी जमीन, की जिची मालकी एका व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे असते, परंतु जिच्यावर गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा किंवा अशाच प्रकारचा उपभोग घेण्याचा हक्क आसपासच्या ठरावीक घरांना आणि शेतांना परंपरेने मिळालेला असतो. महाराष्ट्रातील गायरानाशी या व्यवस्थेचे साम्य आहे. मात्र हे हक्क विशिष्ट मिळकतींना जोडलेले असतात आणि जमिनीचा मालक बदलला तरी ते आपोआप संपुष्टात येत नाहीत. ग्रीनहॅमचा विमानतळ उभा राहिला, दोनदा वाढला, जगाच्या राजकारणात गाजला आणि अखेर उखडून काढण्यात आला, या सर्व काळात चराईचा हा साधा हक्क कागदोपत्री जिवंत राहिला, आणि त्या विमानतळाच्या इतिहासाला मिळालेले निर्णायक वळण त्याच्याशी निगडित आहे.

ब्रिटिश हवाई खात्याने १९४१ मध्ये, युद्धकालीन अधिकारांचा वापर करून, हा माळ ताब्यात घेतला. धावपट्ट्यांसाठी सपाट आणि निचऱ्याची जमीन लागते, आणि मुरमाच्या या पठाराला ती दोन्ही अंगे लाभलेली होती. विमानतळ १९४२ मध्ये वापरात आला आणि त्याच वर्षी अमेरिकी सैन्याच्या वाहतूक दलाचे एक मुख्यालय येथे आले. पुढे काही काळ लढाऊ विमानांच्या तुकड्या येथे राहून गेल्या; तथापि या तळाचे खरे काम सैनिक आणि साहित्य वाहून नेण्याचे होते. शेजारच्या क्रुकहॅम कॉमनवर अमेरिकेतून खोक्यांमध्ये भरून आलेली ग्लायडर विमाने जोडली जात. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, दुसऱ्या विमानाने दोराने ओढत नेऊन शत्रूच्या प्रदेशात सोडून द्यायचे विमान; लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांपासून बनवलेले हे वाहन बहुधा एकदाच उपयोगी पडे. नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी म्हणून अशी विमाने मोठ्या संख्येने या माळावर जोडून इतर तळांकडे पाठवली गेली.

१९४४ च्या वसंतात सी-४७ जातीच्या वाहतूक विमानांचा ४३८ वा गट ग्रीनहॅमला दाखल झाला. ५ जून १९४४ च्या संध्याकाळी दोस्त सैन्यांचे सरसेनापती ड्वाइट आयझेनहॉवर या तळावर आले आणि अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमधील, चेहऱ्यांना काळे फासून निघण्याच्या तयारीत असलेल्या छत्रीधारी सैनिकांशी बोलले. त्या भेटीचे छायाचित्र दुसऱ्या महायुद्धातील सर्वाधिक परिचित छायाचित्रांपैकी एक आहे. त्यामागील ताण छायाचित्रात दिसत नाही, म्हणून तो सांगणे आवश्यक आहे : स्वारीच्या हवाई दलांचे प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांनी या छत्रीधारी मोहिमेत भयंकर मनुष्यहानी होईल असा इशारा आयझेनहॉवर यांना दिला होता, आणि तो मानूनही मोहीम रद्द न करण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता. प्रत्यक्षात हानी त्या अंदाजापेक्षा बरीच कमी झाली. त्या रात्री ग्रीनहॅमवरून उडालेली विमाने छत्रीधारी दलाच्या मुख्य ताफ्याच्या अग्रभागी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मात्र एक हॉर्सा ग्लायडर तळाजवळ कोसळून तीसहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने अल्पकाळ प्रशिक्षणासाठी जागा वापरली आणि १९४६ मध्ये तळ बंद केला.

माळ पूर्ववत होईल, ही न्यूबरीकरांची अपेक्षा पाच वर्षांतच फोल ठरली. शीतयुद्धाच्या प्रारंभी अमेरिकेला आपली दूरगामी बॉम्बफेकी विमाने सोव्हिएत संघाच्या जवळ ठेवण्यासाठी युरोपात तळ हवे होते आणि १९५१ मध्ये त्यासाठी ग्रीनहॅमची निवड झाली. स्थानिक नागरिकांनी निवेदने देऊन विरोध केला, तरीही काम पुढे गेले. काही घरे पाडण्यात आली, न्यूबरीहून बेसिंगस्टोककडे जाणारा रस्ता वळवावा लागला आणि युद्धकाळातील आखूड धावपट्ट्यांच्या जागी १०,००० फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर लांबीची भक्कम धावपट्टी तयार झाली. एवढ्या लांबीचे कारण बी-४७ या जेट बॉम्बफेकी विमानात होते. पूर्ण इंधन आणि अण्वस्त्रे घेऊन जमीन सोडण्यासाठी त्याला फार मोठी धाव लागे. अशी विमाने थोड्या थोड्या आठवड्यांसाठी आळीपाळीने अमेरिकेतून येत आणि हुकूम होताच उड्डाण करता येईल अशा तयारीत धावपट्टीजवळ उभी राहत.

२८ फेब्रुवारी १९५८ रोजी एका बी-४७ विमानाला उड्डाणानंतर लगेच अडचण आली आणि वैमानिकाने पंखांखालील इंधनाच्या टाक्या सोडून दिल्या. त्यांतील एक टाकी तळावर उभ्या असलेल्या दुसऱ्या बी-४७ विमानाजवळ पडून भीषण आग लागली, दोघांचा मृत्यू झाला आणि आग अनेक तास धुमसत राहिली. जळालेल्या विमानात अण्वस्त्र होते काय, ही शंका पुढे चार दशके लोकांच्या मनात राहिली. १९६१ मध्ये जवळच्याच आल्डरमास्टन येथील अण्वस्त्र संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परिसरातील पानांमध्ये आढळलेल्या युरेनियमविषयी एक गोपनीय अहवाल लिहिला होता. तो १९९६ मध्ये उघडकीस आल्यावर खळबळ उडाली. त्यानंतर स्थानिक परिषदांच्या पुढाकाराने माती आणि पाणी यांची विस्तृत तपासणी झाली आणि अण्वस्त्राच्या अपघाताचा कोणताही पुरावा आढळला नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला, कारण त्याच सुमारास ही जमीन नागरिकांसाठी खुली करण्याचा विचार सुरू होता.

आंतरखंडीय क्षेपणास्त्रे आल्यावर बी-४७ विमानांचे महत्त्व घटले आणि १९६४ मध्ये अमेरिकेचे बॉम्बफेकी दल येथून गेले. नंतरच्या पंधरा वर्षांत तळ बहुधा राखीव स्थितीत होता, परंतु त्या काळातील दोन उपयोग नोंदवण्याजोगे आहेत. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. ब्रिटनला आलेल्या हजारो निर्वासितांसाठी सरकारने रिकाम्या लष्करी छावण्या उघडल्या आणि त्यांत ग्रीनहॅम कॉमन ही एक होती. युगांडातील या समाजात बहुसंख्य गुजराती होते, त्यांच्या बरोबरीने पंजाबी आणि गोमंतकीय कुटुंबेही होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या या माणसांना इंग्लंडमधील पहिला निवारा लष्करी बराकींनी दिला. दुसरा उपयोग विमानप्रेमींचा : १९७३ ते १९८३ या काळात ‘इंटरनॅशनल एअर टॅटू’ हे भव्य हवाई प्रदर्शन येथे भरत असे, नंतर ते फेअरफर्डला हलवण्यात आले.

१९७८ मध्ये हवेत इंधन पुरवणारी अमेरिकी विमाने येथे आणण्याचा प्रस्ताव स्थानिक विरोधामुळे मागे पडला. पुढच्या प्रस्तावापुढे मात्र हा विरोध अपुरा ठरला. १२ डिसेंबर १९७९ रोजी नाटो संघटनेने सोव्हिएत संघाच्या नव्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना उत्तर म्हणून पश्चिम युरोपात अमेरिकी क्षेपणास्त्रे ठेवण्याचे आणि त्याच वेळी वाटाघाटी सुरू ठेवण्याचे ठरवले. ब्रिटनच्या वाट्याला जमिनीवरून सोडायची क्रूझ क्षेपणास्त्रे आली आणि जून १९८० मध्ये ९६ क्षेपणास्त्रे ग्रीनहॅमला, तर ६४ क्षेपणास्त्रे केंब्रिजशरमधील मोल्सवर्थला ठेवण्याची घोषणा झाली. क्रूझ क्षेपणास्त्र म्हणजे पंख आणि लहान जेट इंजिन असलेले, जमिनीलगत उडत जाणारे चालकरहित अस्त्र. ग्रीनहॅमच्या अस्त्रांचा पल्ला सुमारे २,५०० किलोमीटर होता. ही क्षेपणास्त्रे तळावरून सोडायची नव्हती. संकटकाळी ती अजस्र वाहनांच्या ताफ्यातून दक्षिण इंग्लंडच्या जंगलांत आणि माळांवर विखुरायची आणि तेथून डागायची, अशी योजना होती. म्हणून तळाच्या एका कोपऱ्यात सहा निवारे बांधले गेले : जाड काँक्रीटच्या भिंती, वर मातीचा उंच ढीग आणि पुढे प्रचंड पोलादी दारे असलेले. लोकांच्या बोलण्यात त्यांना ‘सायलो’ हे नाव पडले. पण सायलो जमिनीत उभा खोदलेला असतो, तर हे निवारे वाहने ठेवण्याची अतिसुरक्षित कोठारे होती.

२७ ऑगस्ट १९८१ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरातून ‘विमेन फॉर लाइफ ऑन अर्थ’ या नावाने एक छोटी पदयात्रा निघाली. त्यात प्रामुख्याने स्त्रिया होत्या. सुमारे १२० मैल चालून ५ सप्टेंबरला ती ग्रीनहॅमच्या मुख्य फाटकाशी पोहोचली. दूरचित्रवाणीवर क्षेपणास्त्रांविषयी जाहीर चर्चा व्हावी ही त्यांची मागणी कोणी मनावर घेतली नाही, आणि त्यातून त्यांनी तेथेच मुक्काम ठोकला. पुढच्या वर्षीच्या प्रारंभी ही छावणी केवळ स्त्रियांची असावी असे ठरले. कुंपणाच्या प्रत्येक फाटकाजवळ वेगळी वस्ती झाली आणि त्यांना पिवळे, निळे, हिरवे अशी रंगांची नावे मिळाली. वाकवलेल्या फांद्यांवर प्लास्टिक अंथरून केलेल्या खोपट्यांत, थंडीपावसात आणि वारंवार होणाऱ्या हकालपट्टीला तोंड देत या स्त्रिया राहत होत्या. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० स्त्रियांनी हातात हात धरून नऊ मैल परिघाच्या कुंपणाला वेढा घातला. १ एप्रिल १९८३ रोजी ग्रीनहॅमपासून बर्गफील्डमार्गे आल्डरमास्टनपर्यंत सुमारे ७०,००० माणसांची साखळी झाली. तरीही १४ नोव्हेंबर १९८३ रोजी पहिली क्षेपणास्त्रे तळावर उतरली. छावणी उठली नाही. क्षेपणास्त्रवाहू ताफा रात्री सरावासाठी बाहेर पडला की स्वयंसेवक त्याचा माग काढत आणि त्याच्या मार्गाची माहिती सर्वत्र कळवत; त्यामुळे गुपचूप विखुरण्याची मूळ योजनाच उघडी पडत राहिली. ५ ऑगस्ट १९८९ रोजी हेलन थॉमस ही वेल्सची तरुण कार्यकर्ती छावणीजवळच्या रस्त्यावर अपघातात मृत्यू पावली. तिचे नाव आज येथील स्मारकाशी जोडलेले आहे.

कुंपणापाशी चाललेल्या संघर्षाइतकाच महत्त्वाचा संघर्ष न्यायालयात चालला, आणि त्याची कहाणी त्या मानाने फार कमी सांगितली जाते. स्त्रियांना तळात शिरण्यापासून रोखण्यासाठी संरक्षणमंत्र्यांनी १८९२ च्या लष्करी जमीन कायद्याखाली १९८५ मध्ये उपविधी, म्हणजे विशिष्ट जागेपुरते नियम, जारी केले. परवानगीशिवाय संरक्षित क्षेत्रात प्रवेश करणे हा त्यांनुसार गुन्हा ठरला. परंतु मूळ कायद्यातच अशी मर्यादा होती की असे नियम कॉमनवरील कोणाच्याही हक्काला बाधा आणणारे असू नयेत. संरक्षित क्षेत्राचा मोठा भाग मूळचा कॉमन होता आणि त्यावर ६२ हक्कदारांचे चराईचे अधिकार शाबूत होते. गुरे घेऊन माळावर जाण्याचा त्यांचा अधिकार सरसकट प्रवेशबंदीने नाकारला जात होता. या नियमांखाली दोषी ठरलेल्या दोन स्त्रियांनी, जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ यांनी, हा मुद्दा पुढे नेला. सरकारचा युक्तिवाद असा होता, की आरोपी स्वतः हक्कदार नसल्याने निदान त्यांच्यापुरते तरी नियम वैध मानावेत. जुलै १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी तो फेटाळला. हक्कदारांना वगळून नियम लिहिले असते तर ते संपूर्णपणे वेगळ्या स्वरूपाचे झाले असते, म्हणून अवैध भाग बाजूला काढून उरलेला वैध ठरवता येत नाही, असे त्यांनी म्हटले आणि शिक्षा रद्द केल्या. ब्रिटनच्या प्रशासकीय कायद्यात हा निकाल आजही आधारभूत मानला जातो. ज्या हक्काचा प्रत्यक्ष वापर कित्येक वर्षे कुंपणामुळे अशक्य झाला होता, त्याच्या बळावर अण्वस्त्रतळाचे नियम कोसळले, ही घटना या जागेच्या इतिहासात ताफ्यांच्या आणि निदर्शनांच्या तोलाची मानली पाहिजे.

निकालापूर्वीच क्षेपणास्त्रांचे भवितव्य ठरले होते. ८ डिसेंबर १९८७ रोजी रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टन येथे केलेल्या करारानुसार ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून डागायची सर्व क्षेपणास्त्रे नष्ट करायची होती. कराराच्या अटींप्रमाणे सोव्हिएत निरीक्षक ग्रीनहॅमला येऊन पाहणी करून गेले. १९८९ मध्ये क्षेपणास्त्रे हलवण्यास आरंभ झाला आणि मार्च १९९१ मध्ये शेवटची क्षेपणास्त्रे गेली. या माघारीचे श्रेय नाटोच्या ठाम भूमिकेला द्यायचे, गोर्बाचेव्ह यांच्या धोरणाला द्यायचे की शांतता चळवळीला, हा वाद अद्याप मिटलेला नाही. करार दोन महासत्तांमध्ये झाला हे खरे, पण हा तळ जनतेच्या नजरेआड जाऊ न देण्याचे काम छावणीने केले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकी हवाई दलाने तळ ब्रिटिशांच्या स्वाधीन केला आणि संरक्षण खात्याने तो विक्रीस काढला. शांतता-छावणीचा शेवटचा गट मात्र आपल्या निःशस्त्रीकरणाच्या मागण्या घेऊन सप्टेंबर २००० पर्यंत तेथेच राहिला.

बंद झालेल्या लष्करी विमानतळाचे काय करावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी उभा राहिला आणि बहुतेक ठिकाणी घरबांधणी, तुरुंग किंवा खाजगी उद्योग यांपैकी काहीतरी उत्तर निघाले. ग्रीनहॅमचे उत्तर निराळे होते. १९९७ मध्ये स्थानिक नागरिक आणि नगरपरिषद यांच्या सहकार्यातून ‘ग्रीनहॅम कॉमन ट्रस्ट’ ही विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि तिने ७० लाख पौंडांना तळ विकत घेतला. त्यांतील मोकळा माळ तिने अवघ्या एका पौंडाला न्यूबरीच्या परिषदेच्या हवाली केला आणि बांधकाम असलेला दक्षिणेकडील भाग स्वतःकडे ठेवला. बराकी, कार्यालये आणि गोदामे दुरुस्त करून तेथे उद्योगवसाहत उभारण्यात आली. लहानमोठे व्यवसाय तेथे भाड्याने जागा घेतात आणि भाड्यातून उरणारा पैसा परिसरातील सामाजिक संस्था, शाळा, आरोग्यसेवा आणि कलाकार्य यांना अनुदान म्हणून दिला जातो. आता ‘ग्रीनहॅम ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मर्म जमिनीच्या या विभागणीत आहे. बांधलेल्या भागाने कमवायचे आणि मोकळ्या भागावर कमाईचे ओझे टाकायचे नाही, हे आरंभीच ठरल्यामुळे माळावर इमारती चढवण्याचा मोह टळला.

माळ पूर्ववत करण्याचे काम वाटते तितके सोपे नव्हते. धावपट्टी उखडून तिच्या काँक्रीटची खडी करण्यात आली आणि तिचा मोठा भाग त्याच काळात बांधल्या जात असलेल्या न्यूबरीच्या वळणरस्त्यासाठी वापरला गेला. विमानांच्या इंधनाच्या भूमिगत टाक्या आणि नळ्या काढून टाकाव्या लागल्या, इंधन मुरलेली माती स्वच्छ करावी लागली. कुंपण उतरवण्यात आले आणि एप्रिल २००० मध्ये माळ लोकांसाठी अधिकृतपणे खुला झाला. त्यापाठोपाठ ब्रिटिश संसदेने २००२ मध्ये ग्रीनहॅम आणि क्रुकहॅम कॉमन्ससाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने हक्कदारांचे चराईचे अधिकार पुनःस्थापित केले, जनतेला पायी फिरण्याचा हक्क दिला आणि देखरेखीसाठी हक्कदार, स्थानिक परिषदा आणि इतर संबंधित यांच्या प्रतिनिधींचा एक आयोग नेमला. माळाची मालकी आज वेस्ट बर्कशर परिषदेकडे आहे आणि २०१४ पासून त्याची दैनंदिन व्यवस्था बर्कशर, बकिंगहॅमशर व ऑक्सफर्डशर या परगण्यांचा वन्यजीव न्यास पाहतो.

चराई येथे केवळ परंपरा म्हणून चालत नाही. हेदरचा माळ मोकळा सोडला तर काही वर्षांतच त्यावर बर्च आणि काटेरी गॉर्स यांचे रान माजते. गुरे आणि तट्टे कोवळे कोंब खातात, खुरांनी जमीन उकरतात आणि त्यामुळे माळ माळ राहतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना अशीच उघडी जागा लागते. रातव्याच्या कुळातील नाइटजार, चंडोलाच्या कुळातील वुडलार्क, टिटवीची उत्तरेकडील जात लॅपविंग आणि डार्टफर्ड वॉर्बलर हे पक्षी येथे आढळतात, आणि विणीच्या हंगामात कुत्री बांधून ठेवण्याची व पायवाट न सोडण्याची सूचना फिरायला येणाऱ्यांना दिली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कुतूहलाची बाब अशी, की मूळची आम्लधर्मी असलेली ही मुरमाड जमीन धावपट्टीच्या काँक्रीटमधील चुन्यामुळे काही पट्ट्यांत अल्कधर्मी झाली आणि त्या पट्ट्यांत चुनखडीची जमीन मानवणारी वेगळी फुलझाडे रुजली. धावपट्टीचा मधला एक तुकडा आठवण म्हणून मुद्दाम ठेवलेला आहे; तळ चालू असताना अग्निशमनाच्या सरावासाठी वापरलेला विमानाचा गंजलेला सांगाडाही जागेवरच आहे.

नियंत्रण मनोरा बराच काळ ओस पडला होता. ग्रीनहॅमच्या ग्रामपरिषदेने तो ताब्यात घेऊन दुरुस्त केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लहान संग्रहालय आणि उपाहारगृह यांसह खुला केला. तेथील मांडणीत सैनिक, हक्कदार आणि छावणीतील स्त्रिया यांना शेजारी शेजारी स्थान आहे, आणि तशीच ती असायला हवी. छावणीच्या पिवळ्या फाटकाच्या जागी वेल्समधून आणलेल्या शिळांचे वर्तुळ असलेली स्मृतिबाग २००२ मध्ये तयार झाली.

क्षेपणास्त्रांच्या सहा निवाऱ्यांचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. २००३ मध्ये त्यांना राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले, त्यामुळे ते पाडता येत नाहीत आणि संमतीशिवाय त्यांत बदलही करता येत नाही; परंतु ती जागा खाजगी मालकीत गेल्यामुळे सर्वसामान्यांना ते तारेच्या कुंपणाबाहेरूनच पाहावे लागतात. २०१४ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द फोर्स अवेकन्स’ या चित्रपटाचे काही चित्रीकरण तेथे झाले. शीतयुद्धाच्या काळातील इतकी संपूर्ण वास्तू ब्रिटनमध्ये दुर्मीळ आहे आणि तिची देखभाल खर्चीक आहे. उद्योगवसाहतीला भाडेकरू मिळाले, माळाला गुरे आणि माणसे मिळाली, तसा योग्य उपयोग या निवाऱ्यांना अद्याप मिळायचा आहे, आणि जेव्हा मिळेल तेव्हा लोकांना आत जाऊन ते पाहता येतील अशी अट त्यात असली पाहिजे.